आईच्या वाट्याची खोली

सेम्बावांगला राहायला गेलो तेव्हा मला दिवसभर करायला काहीच नव्हतं. नवरा जुरोंग आयलंडवरच्या एका रिफायनरीत प्रोसेस इंजिनिअर. सिंगापूरच्या उत्तर टोकाला आमचं घर आणि त्याची नोकरी पार नैर्ऋत्येला, कारण आमच्या भागात फ्लॅटची भाडी कमी होती. उजाडायच्या आत तो कंपनीची बस पकडायला खाली उतरायचा. परत यायचा तो इतका दमून, की जेवताना मी काय बोलतेय ते त्याच्या कानांवर पडायचं, पण आत जायचं नाही. त्याला दोष देत नाही. प्लांट बंद करून दुरुस्तीची कामं चालायची, तेव्हा तर तो रविवारीही घरी नसायचा.

मी नागपूरला एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. लग्न झालं, नोकरी सोडली आणि इथे आले. माझ्या इथे राहायच्या पासवर 'डिपेंडंट', म्हणजे अवलंबून, असं छापलेलं होतं. तो शब्द मी कॉलेजात कित्येकदा फळ्यावर लिहिला असेल, पण आपल्या फोटोशेजारी तो वाचताना चमत्कारिक वाटायचं. घर आवरून व्हायचं, कपडे बांबूवर अडकवून खिडकीबाहेर टाकून व्हायचे, तरी घड्याळात सकाळच असायची. मग मी लायब्ररीत जाऊन बसायची. तिथे थंड असायचं आणि आजूबाजूला माणसं असायची, बोलत नसली तरी.

तिथेच तो म्हातारा भेटला. इंग्रज होता. उंच, वाकलेला, अर्ध्या बाह्यांचा सदरा, पायांत रबरी चपला. लायब्ररीतली सफाई करणारी बाई त्याला बिनदिक्कत 'अंकल' म्हणायची आणि तो तिच्याशी मलायमध्ये बोलायचा. एका झेरॉक्सवर भिंग धरून तो बराच वेळ बसलेला होता. अचानक त्याने कागद माझ्यापुढे सरकवला.

"तुझे डोळे माझ्यापेक्षा बरे असणार. हा शब्द काय आहे, सांगशील?"

जुन्या वळणाचं हस्तलिखित होतं, अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडलेली. पण मी वर्षानुवर्षं परीक्षेचे पेपर तपासलेले, त्यामुळे वाईट अक्षराची मला भीती नव्हती. मी ओळ मागून पुढून वाचून पाहिली.

"फ्युएल. सरपण. 'माझ्या पत्नीला पुरेसं सरपण...' असं आहे."

"सरपण!" तो एकदम खूश झाला. "गेला आठवडाभर मी त्याला मासे समजत होतो."

अशी आमची ओळख झाली. तरुणपणी तो इथल्या नौदलाच्या गोदीत इंजिनिअर म्हणून आला होता. ब्रिटिश आरमार निघून गेलं, गोदीचा शिपयार्ड झाला, हा मात्र राहिला. एका चिनी मुलीशी त्याने लग्न केलं. ती आता वारली होती. एकुलती मुलगी ऑस्ट्रेलियात, पर्थला. इंग्लंडमधल्या चुलतभावाने त्याला घराण्यातल्या जुन्या मृत्युपत्रांच्या प्रती पाठवल्या होत्या. यॉर्कशर भागातल्या एका खेड्यातले शेतकरी होते ते. म्हाताऱ्याला सगळं वाचायचं होतं आणि दृष्टी तर महिन्या-महिन्याने कमी होत चाललेली. मी वाचून दाखवीन आणि मोठ्या ठळक अक्षरांत टाइप करून देईन, असं ठरलं. मला कामाचा परवाना नव्हता, आणि त्याने काही देऊ केलं असतं तरी मी घेतलं नसतं. आठवड्यातून दोनदा कुणीतरी आपली वाट बघत असतं, एवढं मला पुरेसं होतं.

त्याच्या फ्लॅटच्या खिडकीतून सामुद्रधुनी दिसायची आणि पलीकडे मलेशियातल्या जोहोरच्या इमारती. टेबल खिडकीजवळ होतं. मी वाचायची, तो डोळे मिटून ऐकायचा.

सगळ्यात मोठं मृत्युपत्र अठराव्या शतकाच्या मधल्या काळातलं होतं. माणूस अंथरुणाला खिळलेला, 'शरीराने अशक्त पण बुद्धीने शाबूत', असं सुरुवातीलाच लिहिलेलं. शेत आणि घर थोरल्या मुलाला. धाकट्याला शेतातला तुकडासुद्धा नाही; त्याला किनाऱ्यावरच्या गावी जहाजं बांधणाऱ्या सुताराकडे काम शिकायला ठेवावं आणि त्याचा खर्च थोरल्याने करावा. मुलीला लग्नाच्या वेळी द्यायची रक्कम, तीही थोरल्यानेच शेतातून काढून द्यायची. आणि मग बायको. बायकोवर त्याने सगळ्यांत जास्त शाई खर्च केली होती. घरातली पुढची खोली तिची, आणि त्या खोलीवरची लहान खोलीही. विहिरीवर जाण्या-येण्याचा हक्क. भट्टीत पाव भाजून घ्यायची मुभा. एक गाय, जी थोरल्याने आपल्या गायींबरोबर उन्हाळा-हिवाळा चारायची. बागेतली सफरचंदं. आणि पुरेसं सरपण, फोडून, तिच्या दारापर्यंत आणून टाकलेलं. ती विधवा राहील तोवर.

शेवटची अट मी दोनदा वाचली. "म्हणजे तिने पुन्हा लग्न केलं तर खोली गेली?"

"गेली. मग नव्या नवऱ्याने तिला सांभाळायचं. शेत घरातच राहिलं पाहिजे होतं ना."

"थोरला मुलगा वाईट होता का?"

"वाईट असता तर शेत त्याला दिलं असतं का?"

"मग एवढं बारीकसारीक कशाला लिहायचं? चांगला मुलगा आईला थंडीत कुडकुडत ठेवील का? सरपण फोडलेलं असावं, दाराशी टाकलेलं असावं, हेसुद्धा?"

म्हाताऱ्याने डोळे उघडले. बाहेर एक गंजका मालवाहू बार्ज हळूहळू सरकत होता, त्याच्याकडे तो बघत राहिला. त्याला तो दिसत असेल की नाही, कुणास ठाऊक.

"तिला मागावं लागू नये म्हणून," तो म्हणाला.

मग हसून म्हणाला, "तो धाकटा माझा पूर्वज. शेत मिळालं नाही म्हणून जहाजांकडे गेला. तेव्हापासून आमचं घराणं गोदीतच. त्याला शेत मिळालं असतं तर मी आज मेंढ्या राखत बसलो असतो."

मीही हसले. पण घरी येताना बसमध्ये मला माझी आई आठवत होती.

बाबा जाऊन वर्ष झालं होतं. पोस्टात क्लार्क होते. आमच्या घराण्यात मागे काही ठेवून जाणारे ते पहिलेच. आजोबा गिरणीत होते, चाळीत राहिले, चाळीतच गेले. त्यांच्या मागे राहिली ती दीक्षेच्या दिवसाची एक तसबीर आणि पोरांना शिकवा, हे सांगणं. बाबांनी मात्र गावाबाहेरच्या एका ले-आउटमध्ये प्लॉट घेतला, तिथे रस्तासुद्धा नव्हता तेव्हा. दोन खोल्या बांधल्या, मग तिसरी, मग गच्ची. आई डोक्यावरून विटा वाहायची, मी आणि दादा भिंतींवर पाणी मारायचो. आता त्या ले-आउटला भाव आला होता. बाबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. लिहून ठेवावं असं त्यांच्या मनातही आलं नसेल. एक मुलगा, एक मुलगी, दोघंही शिकलेली. लिहायचं कशाला?

त्याच आठवड्यात दादाचा फोन आला.

"घर पाडून नवीन बांधायचं म्हणून राहिलो," तो म्हणाला. "खाली पार्किंग आणि एक ब्लॉक, वर आम्ही. बँकेचं कर्ज घ्यायचं तर घर एका नावावर पाहिजे. तू आणि आई, दोघींनी हक्कसोड करून द्या. डिसेंबरमध्ये येशील तेव्हा रजिस्ट्री करून टाकू."

"हो, करू की," मी म्हणाले. मला घरातलं काही नको होतं, आणि त्यालाही ते ठाऊक होतं. मग मी विचारलं, "आई कुठे राहील?"

"म्हणजे? माझ्याजवळ. अजून कुठे?"

"तसं नाही रे. तिची खोली कुठली असेल?"

"मुलांच्या खोलीत पलंग टाकू. ती कुठे मोठी जागा अडवते?"

 मी म्हणाले, "दादा, मी सही करते. पण आईने हक्क सोडायचा नाही. खालच्या ब्लॉकमधली एक खोली आणि स्वयंपाकाची जागा तिच्या नावावर राहू दे. कागदावर."

 अगदी हळू आवाजात तो म्हणाला, "मी आईला बाहेर काढीन, असं वाटते तुला?"

"नाही वाटत."

"मग कागद कशाला? सिंगापूरला बसून तुला हे सुचते. रात्री-बेरात्री आईला दवाखान्यात कोण नेते? तिच्या गोळ्या कोण आणते?"

यातलं काहीच खोटं नव्हतं. वहिनी आईचे पाय चेपून देते, हे आईनेच मला सांगितलेलं. मी म्हणाले, "तू करतोस म्हणूनच सांगतेय. वाईट असतास तर भांडले असते." पण हे म्हाताऱ्याच्या टेबलाशी जितकं सरळ वाटलं होतं, तितकं फोनवर वाटलं नाही. दादाने फोन ठेवला. त्यानंतर त्याचा फोन यायचाच बंद झाला.

आधी दर रविवारी यायचा. आता रविवार आले आणि गेले. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुला घरातलं काही नको ना? मग सही कर आणि मोकळी हो." तोही बरोबरच होता. मी दोघांनाही चूक म्हणू शकत नव्हते, आणि माझं म्हणणंही सोडवत नव्हतं. अशा वेळी माणूस कुणाशी बोलतो? खाली व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीच्या तळाच्या मोकळ्या जागेत, म्हाताऱ्या बायका बसलेल्या असायच्या, त्या हसून बघायच्या, मीही हसायची. त्यांची भाषा मला येत नव्हती. कधीकधी दिवसभरात माझ्या तोंडून निघालेला एकमेव शब्द म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमधल्या कॉफीवाल्याला म्हटलेलं 'थँक यू' असायचं.

डिसेंबरमध्ये एकटीच, मुंबईला उतरून रेल्वेने, नागपूरला गेले. दादा स्टेशनवर घ्यायला आला. बॅग उचलली, प्रवास कसा झाला विचारलं आणि घरापर्यंत पुढे एक शब्द बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि मी गच्चीवर उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होतो. आईच्या हाताचा वेग तसाच होता. ती खाली बघतच म्हणाली, "काहून माह्या घरात वाद लावून राहिली तू?"

"वाद नाही आई."

"मग काय हाय? तुले काय वाटते, पोरगा मले उपाशी ठेवीन? मी त्याच्यासमोर कागद नाचवू? लोक काय म्हणतीन?"

 मी तिला त्या इंग्रज शेतकऱ्याच्या बायकोची गोष्ट सांगितली. दुसरं काही सुचलंच नाही. खोली, विहीर, गाय, सफरचंदं, फोडून दाराशी आणून टाकलेलं सरपण. आईने शेंगा बाजूला ठेवल्या नाहीत, पण हात मंदावला.

"गाय होती तिले?"

"हो. एक."

"आन् चूल?"

"पाव भाजायला भट्टी होती. ती वापरायची मुभा होती."

"मुभा म्हंजे विचारूनच नं." आईने एक शेंग फोडली आणि दाणे सुपात टाकले.  खाली वहिनी मुलांना हाका मारत होती. मग आई म्हणाली, "तुहे बाबा गेल्यापासून मी दुपारचा चहा सोडला."

"का?"

"सून झोपलेली असते. दिवसभर राबते बिचारी. भांडं वाजते, ती उठते. म्हणते, आई मी करून देते. मग मले नको वाटते." तिने माझ्याकडे पाहिलं. "तिचं काही चुकत नाही, हे ध्यानात ठेव. पण मले माहा गॅस पाहिजे. येगळा. आन् दार रस्त्याकडून पाहिजे."

मी शेंगा सोलत राहिले. मला भीती होती, मी बोलले तर ती मागे फिरेल.

त्याच दिवशी जेवताना तिने दादाला सांगितलं. मी मान खाली घालून जेवत होते.

"आई, हे तुझ्या डोक्यातलं नाही," दादा म्हणाला.

"मग कोनाच्या डोक्यातलं हाय? मी सांगून राहिली नं?"

"तुला काय कमी आहे इथे?"

"कमी काहीच नाही," आई म्हणाली. "त्या विटा मी डोक्यावर वाहिल्या. त्यातली एक खोली मले पाहिजे. बस."

दादाने हातातला घास ताटात ठेवला. माझ्याकडे नाही, वहिनीकडे पाहिलं. वहिनी पोळ्या लाटत होती. ती न वळता म्हणाली, "देऊन टाका नं. खालचं तसंही भाड्यानंच द्यायचं होतं." मला वाटलं होतं, तीच सगळ्यात जास्त दुखावेल. तिच्या आवाजात सुटका होती की राग, मला आजपर्यंत कळलेलं नाही. कदाचित दोन्ही असेल.

रजिस्ट्रीच्या ऑफिसात गर्दी होती. दादा, आई आणि मी एका बाकावर बसलो होतो, आई मध्ये. मी माझा हक्क सोडला. आईने सोडला तो नव्या घरातली खालची खोली, स्वयंपाकाची जागा आणि रस्त्याकडचं दार वगळून; बँकेला तेवढं चालणार होतं. वकिलाने ते वाचून दाखवलं तेव्हा आई प्रत्येक शब्दाला मान हलवत होती. अंगठा नाही, तिने सही केली. बाबांनी शिकवलेली, सावकाश, एकेक अक्षर स्वतंत्र. बाहेर आल्यावर दादाने टपरीवरून तीन चहा आणले. माझा बिनसाखरेचा होता. तो त्याने माझ्या हातात दिला, पण बघितलं मात्र रस्त्याकडे.

परत आले तेव्हा म्हाताऱ्याची मुलगी पर्थहून आलेली होती. त्याला आता एका डोळ्याने दिसत नव्हतं आणि दुसऱ्यानेही जेमतेमच. ती त्याला कायमचं घेऊन चालली होती. चांगली बाई होती, मनापासून बोलणारी. खोक्यांत पुस्तकं भरता भरता मला म्हणाली, "बाबांना तिथे काहीसुद्धा करायला लागणार नाही."

म्हातारा खिडकीशी बसला होता. ती खाली गेल्यावर तो मला म्हणाला, "ऐकलंस? काहीसुद्धा करायला लागणार नाही." आणि चेहरा असा केला की मला हसू आलं. नागपूरला निघण्याआधी मी त्याला आईच्या खोलीचं सांगून गेले होते, म्हणून मग त्याने विचारलं, "तुझ्या आईचं काय झालं?"

मी सांगितलं. गॅस, दार, सगळं. चहाचंही. त्याने पुन्हा पुन्हा विचारून ऐकून घेतलं. "आणि भाऊ?"

"बोलत नाही फारसा."

"बोलेल," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "किंवा नाही बोलणार. त्या यॉर्कशरच्या दोघा भावांचं पुढे काय झालं, ते आपल्याला कुठे माहीत आहे?"

जाताना त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. पर्थहून एकदा त्याचा फोन आला. तिकडे हिवाळा होता आणि त्याला समुद्र ऐकू येत नव्हता, अशी तक्रार करत होता. त्यानंतर मी एक-दोनदा फोन केला, मुलीने सांगितलं, झोपलेत. मग मीही थांबले.

त्याच्याकडे जायचे मंगळवार आणि शुक्रवार आता रिकामे झाले. लायब्ररीत जाऊन मी त्याच टेबलाशी बसायची. सफाईवाल्या बाईने एकदा विचारलं, "अंकल?" मी हाताने दूर दाखवलं. तिने मान हलवली आणि पुढचं टेबल पुसायला गेली.

नागपूरचं घर उभं राहिलं. दादाने आईची खोली चांगली बांधली. कागदात होती त्यापेक्षा थोडी मोठीच, असं आई म्हणाली. ओट्याला काळा दगड लावला आणि दारासमोर दोन पायऱ्या. हे तो मला बोलला नाही, आईकडून कळलं. कागद नसता तर त्याने हे केलं असतं का? कदाचित केलं असतं. मुलांच्या खोलीत पलंग टाकूनही त्याने आईला नीटच ठेवलं असतं. हे मला ठाऊक आहे, आणि त्यालाही हे ठाऊक आहे की मला ठाऊक आहे. आमच्यात जे अवघडलं, ते तिथेच अवघडलेलं आहे. सणावाराला बोलतो. मुलांच्या परीक्षा, इथलं हवामान. आधी तो फोनवर माझी चेष्टा करायचा, ती आता करत नाही.

फक्त एकदा त्याने आपणहून, चांगला तापलेला असताना, फोन केला.

"तुझ्या आईनं काय केलं माहीत आहे? नर्सिंगच्या दोन मुली ठेवल्या खोलीत! भाड्यानं! मला विचारलं नाही, काही नाही. मी म्हटलं, हे काय? तर म्हणे, खोली माही हाय."

मला इतकं हसू आलं की उत्तर देता येईना. तोही क्षणभर थांबला, आणि त्याच्या नाकातून तो आवाज आला, लहानपणी हसू दाबताना यायचा तसा. पण हसला नाही. "समजाव तिला," म्हणाला आणि ठेवून दिला.

मी समजावलं नाही. त्या पोरी खेड्यातल्या होत्या, पहिल्यांदाच घराबाहेर पडलेल्या. आई त्यांना रागवायची, त्यांच्या वेण्या घालायची, त्यांच्याकडून औषधांची नावं वाचून घ्यायची. दुपारचा चहा आता तिघींचा होत होता.

एका रविवारी मी फोन कार्डावरचा नंबर खरवडून आईला फोन लावला. नवरा ड्यूटीवर होता. खिडकीबाहेर पाऊस नुकताच थांबलेला, समोरच्या इमारतीतल्या सगळ्या बांबूंवरचे कपडे आत गेलेले. पलीकडे आईचा आवाज, आणि तिच्या मागे मुलींचं काहीतरी जोरात चाललेलं, भांडी, हसणं.

"काय करून राहिल्या?" मी विचारलं.

"अवं, कढी करून राहिली एक जण. उतू घालते बघ आता." मग बाजूला तोंड करून ओरडली, "गॅस कमी कर वं!" पुन्हा मला म्हणाली, "तू जेवली?"

"जेवायचंय."

"मग जेव. ठेवतो मी. ह्या पोरी थांबल्या जेवाले."

"बरं," मी म्हणाले.

तिने ठेवला. कार्डातली बाई इंग्रजीत सांगू लागली की तुमच्याकडे अजून बरीच मिनिटं शिल्लक आहेत. आणखी कुणाला फोन करायचा, ते आठवत मी रिसीव्हर मांडीवर घेऊन बसून राहिले.